पॉल मॅग्रा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडच्या या फुटबॉल बचावपटूवर मी अधूनमधून लिहीत असतो आणि दर वेळी साधारण तेच प्रश्न येतात. निम्म्या लोकांना त्याच्या गुडघ्यांबद्दल विचारायचं असतं, निम्म्यांना त्याच्या दारूबद्दल. त्याच्या खेळाबद्दल विचारणारे थोडे. म्हणून सगळं एकत्र करून ठेवतो आहे. सोपे प्रश्न आधी, अडचणीचे नंतर. एकदा सांगितलेलं पुन्हा सांगितलेलं नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा ग्लेन मॅकग्राचा कोणी लागतो का? आणि म्हणायचं काय, मॅकग्राथ की मॅग्रा?

कोणी लागत नाही. आडनाव मूळचं आयरिश आणि आयरिश माणसं जगभर पांगलेली, त्यामुळे ते ऑस्ट्रेलियाच्या वेगवान गोलंदाजाकडेही आहे. आपल्याकडे मॅकग्रा म्हटलं की ऑफ स्टंपच्या आसपासचा टप्पाच डोळ्यांपुढे येतो, त्याला इलाज नाही.

उच्चार मॅग्रा. शेवटचा ‘थ’ फक्त कागदावर. खात्री हवी असेल तर प्रेक्षकांची घोषणा ऐका: ‘ऊ आ, पॉल मॅग्रा!’ ‘मॅकग्राथ’ म्हणून बघा, यमक जुळत नाही. हीच चाल पुढे इंग्लंडमध्ये एरिक कँटोना या फ्रेंच फुटबॉलपटूच्या नावाला लागली. कँटोनामुळे ती जगभर गेली, त्यामुळे मूळ मानकरी कोण हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

२. मला त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही. थोडक्यात सांगा ना.

जन्म ४ डिसेंबर १९५९, लंडन. लहानपण डब्लिनच्या अनाथाश्रमांत. १९८१-८२चा एक मोसम डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्स ॲथलेटिककडून, मग १९८२ ते १९८९ मँचेस्टर युनायटेड, १९८९ ते १९९६ ॲस्टन व्हिला, त्यानंतर थोडा काळ डर्बी काउंटी आणि शेफील्ड युनायटेड. १९९८मध्ये निवृत्त. आयर्लंडकडून ८३ सामने, ८ गोल, आणि तीन मोठ्या स्पर्धा: १९८८ची युरो, १९९० आणि १९९४चे विश्वचषक. १९९३मध्ये इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंनी आपल्या मतांनी त्याला वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरवलं.

त्याचे गुडघे जवळजवळ पूर्ण कारकिर्दीत नादुरुस्त होते. ही ओळ लक्षात ठेवा, खाली बरंच काही तिच्यावर उभं आहे.

३. जन्म लंडनचा, वडील नायजेरियन. मग तो आयरिश कसा? हे पासपोर्टचं प्रकरण आहे का?

आई आयरिश, म्हणून जन्मानेच आयरिश. पण प्रश्न अगदीच चुकीचा नाही. जॅक चार्लटन १९८६मध्ये आयर्लंडचे प्रशिक्षक झाले आणि त्यांनी आई, आजी, आजोबा कोणाकडूनही आयरिश नातं असलेले खेळाडू इंग्लंड-स्कॉटलंडमधून गोळा केले. जॉन ऑल्ड्रिज लिव्हरपूलचा, रे हाऊटन ग्लासगोचा. यावरून त्या संघाची भरपूर चेष्टा झाली.

मॅग्रा त्या यादीत बसत नाही. त्याची आई बिनलग्नाची गरोदर होती. घरी कळू नये म्हणून ती लंडनला गेली, तिथे बाळंत झाली आणि मूल घेऊन डब्लिनला परतली. म्हणजे लंडनशी त्याचा संबंध काही आठवड्यांचा. बोलणं, वाढणं, पहिला फुटबॉल सगळं डब्लिनचं. चार्लटन यायच्या आधी, १९८५मध्येच तो देशाकडून खेळलाही होता. आयर्लंडकडून खेळलेला पहिला कृष्णवर्णीय वंशाचा खेळाडूही तो नव्हे, तो मान ख्रिस ह्यूटनचा, १९७९चा.

जाता जाता: नाव परकं वाटणारा डब्लिनकर म्हटलं की मराठी माणसाला लिओ वराडकर आठवतात. वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड, मुलगा आयर्लंडचा माजी पंतप्रधान. मॅग्राच्या लहानपणीचं डब्लिन मात्र वेगळं होतं. काळ्या मुलाकडे वळून बघणारं, आणि नुसतं बघून न थांबणारं.

४. अनाथाश्रमाचं खरं आहे की नंतर रंगवलेली गोष्ट?

खरं आहे. जेमतेम महिन्याचा असताना आईने त्याला सांभाळायला दिलं. पाचेक वर्षांचा होईपर्यंत तो एका कुटुंबात होता, पुढची वर्षं डब्लिनच्या दक्षिणेकडच्या संस्थांमध्ये गेली, त्यातली एक डन लेरी भागातली ‘बर्ड्स नेस्ट’. आई जिवंत होती, भेटायला यायची. माझ्या मते हेच जास्त अवघड. ज्याचं कोणीच नाही त्याला वाट बघावी लागत नाही.

शाळा सुटल्यावर तो पत्र्याचं काम शिकला, रखवालदारी केली आणि हौशी संघांतून खेळला. पूर्णवेळ व्यावसायिक झाला तेव्हा एकविशी उलटली होती. या वयात आजकालच्या मुलांचा तिसरा करार झालेला असतो.

५. मँचेस्टर युनायटेडमधला नॉर्मन व्हाइटसाइड त्याचा जिवलग मित्र, तोही आयर्लंडचा. मग दोघं एका देशाकडून का खेळले नाहीत?

कारण फुटबॉलमध्ये आयर्लंडचे दोन संघ आहेत. व्हाइटसाइड बेलफास्टचा, म्हणजे नॉर्दर्न आयर्लंडचा, जो युनायटेड किंगडममध्ये मोडतो. मॅग्रा आयर्लंड प्रजासत्ताकाचा. दोन्हींच्या संघटना वेगळ्या. गंमत अशी की रग्बीत संपूर्ण बेटाचा एकच संघ उतरतो. जुन्या निकालांत नुसतं ‘आयर्लंड’ दिसलं तर कुठला हे तपासून घ्या. या पानावर ‘आयर्लंड’ म्हणजे प्रजासत्ताक.

६. एवढ्या उशिरा सुरुवात करून थेट मँचेस्टर युनायटेड? वशिला होता का?

वशिला कसला, एक मोसम पुरला. सेंट पॅट्रिक्सचं मैदान डब्लिनच्या इंचिकोर भागात आहे. तिथल्या लोकांनी त्याला ‘इंचिकोरचा काळा मोती’ म्हणायला सुरुवात केली आणि १९८२मध्ये आयर्लंडमधल्या खेळाडूंनी त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. रॉन ॲटकिन्सन तेव्हा युनायटेडचे व्यवस्थापक. किंमत सुमारे ३० हजार पौंड, म्हणजे त्या काळाच्या हिशोबातही चिल्लर.

७. १९८५च्या एफ.ए. कप फायनलमध्ये त्याला लाल कार्ड मिळालं होतं ना?

नाही. हा गोंधळ वर्षानुवर्षं चालत आलाय आणि त्याला कारणही आहे.

१८ मे १९८५, वेम्बली, समोर एव्हर्टन. त्यांनी लीग जिंकलेली, तीन दिवसांपूर्वी युरोपियन कप विनर्स कपही जिंकलेला, आता तिसरा चषक हवा होता. सामना गोलशून्य. ७८व्या मिनिटाला मधल्या भागात मॅग्राकडून चेंडू निसटला आणि एव्हर्टनचा पीटर रीड तो घेऊन सुटला. मॅग्राची चूक निस्तरायला त्याचा सहकारी केव्हिन मोरन धावला, त्याचा पाय चेंडूऐवजी रीडला लागला आणि पंच पीटर विलिस यांनी मोरनला बाहेर काढलं. एफ.ए. कपच्या अंतिम सामन्यात बाहेर काढलेला तो पहिला खेळाडू. हा मोरन म्हणजे डब्लिनच्या संघातून गेलिक फुटबॉल या आयरिश खेळाची ऑल-आयर्लंड स्पर्धा दोनदा जिंकलेला गडी, घुसायला मागेपुढे बघणारा नव्हे.

म्हणजे चूक मॅग्राची, शिक्षा मोरनला. यानंतर जे झालं ते महत्त्वाचं. उरलेला वेळ आणि पूर्ण जादा वेळ दहा जणांनी काढायचा होता आणि मॅग्राने मागची फळी जवळपास एकट्याने पेलली. ११०व्या मिनिटाला व्हाइटसाइडने उजवीकडून आत येत डाव्या पायाने दूरच्या कोपऱ्यात गोल केला. १-०. चूक झाल्यावर बचावपटू दोन प्रकारे वागतात: काही जण लपतात, काही जण भरपाई म्हणून वाट्टेल तिथे उड्या मारतात. मॅग्राने दोन्ही केलं नाही.

८. गुडघ्यांना नेमकं झालं काय होतं? सराव न करता कोणी खेळू शकतं?

कारकीर्द संपेपर्यंत गुडघ्यांवर आठेक शस्त्रक्रिया झाल्या होत्या. एवढ्यांदा उघडलेल्या सांध्यात कूर्चा फारशी उरत नाही, हाड हाडाला घासतं, खेळल्यावर पाणी भरून सूज येते आणि ती उतरायला दिवस जातात. शनिवारी सामना खेळला की मंगळवारपर्यंत जिना उतरणं हेच काम.

व्हिलामध्ये यावर साधा तोडगा काढला: बाकीचे मैदानावर घाम गाळत असताना हा आत बसून शरीर जपणार. सायकल, ताणाचे व्यायाम, मालीश, आणि शनिवारी मैदान. हे जमवलं संघाचे फिजिओ जिम वॉकर यांनी. ते त्याच्या गुडघ्यांइतकंच त्याच्या मनाकडेही बघत. मॅग्राच्या आयुष्यात वडिलांची जागा घेतलेली जी दोन-तीन माणसं आहेत त्यांत वॉकर एक, चार्लटन दुसरे.

आता नेहमीचा उपप्रश्न, ‘मग आम्हीही सराव सोडतो’. सोडू नका. सरावाशिवाय तो चांगला खेळत होता हे अर्धसत्य आहे. पाय साथ देत नाहीत म्हटल्यावर त्याने उभं राहायची जागा बदलली. धावून गाठता येणार नाही अशा ठिकाणी सापडायचंच नाही, हा सगळा खेळ. आघाडीवीर चेंडूकडे निघायच्या आधी हा दोन पावलं सरकलेला असे आणि मग चेंडू आपणहून त्याच्या पायाशी आल्यासारखा दिसे. समालोचक त्याला नशीब म्हणत.

९. फर्ग्युसननी त्याला हाकललं हे खरं का? चूक कोणाची?

ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६मध्ये युनायटेडचे व्यवस्थापक म्हणून आले. त्यांना जो संघ मिळाला त्यात गुणी माणसं होती आणि पिणारी माणसं होती आणि दोन्ही याद्यांत काही नावं एकच होती. मॅग्रा आणि व्हाइटसाइड त्यांत ठळक. दोघंही दुखापतग्रस्त. दुखापतीचे रिकामे दिवस आणि दारू यांचं जमायला वेळ लागत नाही. क्लबने मॅग्राला सुमारे एक लाख पौंड घेऊन खेळणं थांबवण्याचा प्रस्ताव दिला. वय २९. त्याने नकार दिला आणि १९८९च्या उन्हाळ्यात सुमारे चार लाख पौंडांना ॲस्टन व्हिलाकडे गेला. व्हाइटसाइडही त्याच उन्हाळ्यात एव्हर्टनकडे गेला.

चूक कोणाची? माझं मत विचाराल तर फर्ग्युसनांचा निर्णय त्या दिवशी बरोबर होता. वेळेवर न येणारा, गुडघे गेलेला खेळाडू कुठल्याही नव्या व्यवस्थापकाला परवडत नाही. फक्त तो निर्णय चुकला असं पुढची सात वर्षं दर शनिवारी दिसत राहिलं. त्याच उन्हाळ्यात युनायटेडने गॅरी पॅलिस्टर या बचावपटूसाठी २३ लाख पौंड मोजले. पॅलिस्टरही उत्तम निघाला, १९९२चा खेळाडूंचा पुरस्कार त्याला मिळाला. पुढच्या वर्षी तोच पुरस्कार कोणाला, ते प्रश्न २मध्ये आहे.

१०. व्हिलाला एवढा थोर बचावपटू मिळाला, तर लीग का नाही जिंकले?

दोनदा दाराशी जाऊन परतले. १९८९-९०मध्ये ग्रॅहम टेलर यांच्या हाताखाली दुसरे, लिव्हरपूलच्या मागे. १९९२-९३मध्ये, प्रीमियर लीगच्या पहिल्याच मोसमात, रॉन ॲटकिन्सन यांच्या हाताखाली पुन्हा दुसरे, या वेळी युनायटेडच्या मागे. (हो, तेच ॲटकिन्सन.) २ मे १९९३ रोजी व्हिला घरच्या मैदानावर ओल्डहॅमकडून ०-१ हरले आणि युनायटेडला न खेळताच विजेतेपद मिळालं. मोसमाअखेर फरक ८४ विरुद्ध ७४ गुणांचा दिसतो, पण वसंतापर्यंत शर्यत खरोखर चुरशीची होती.

या मोसमाबद्दल एक गोष्ट फार कोणी बोलत नाही. १९९२च्या उन्हाळ्यात नियम बदलला: सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाला हातात घेता येणार नाही. अडचण आली की चेंडू गोलीकडे ढकलायची सवय असलेल्या पिढीची त्रेधा उडाली. कोणी गॅलरीत भिरकावतंय, कोणी आपल्याच गोलीला गोत्यात आणतंय. मॅग्राला फरक पडला नाही. दबावाखाली चेंडू छातीवर घेऊन शांतपणे सहकाऱ्याला देणं त्याला आधीपासून येत होतं, कारण तो मधल्या फळीतही खेळलेला (पुढचा प्रश्न पाहा). तेहतिसाव्या वर्षी, त्या गुडघ्यांसह, त्याला सर्वोत्तम ठरवणारे दुसऱ्या संघांचे खेळाडू होते. त्यांनी ते अंगावर घेऊन अनुभवलं होतं.

लीग नाही, पण दोन लीग कप आले. १९९४मध्ये युनायटेडला ३-१ हरवून. त्यांनी त्या वर्षी लीग आणि एफ.ए. कप दोन्ही जिंकले, म्हणजे तिहेरी यश व्हिलाने अडवलं. मग १९९६मध्ये लीड्सला ३-० हरवून. व्हिलाच्या स्टँडमध्ये त्याला आजही ‘गॉड’ म्हणतात. मराठीत ‘देव’ म्हटलं तर लोक तेंडुलकर समजतील, म्हणून तसंच ठेवलं.

११. काही ठिकाणी त्याला मिडफिल्डर लिहिलेलं असतं. नेमकं काय?

क्लबसाठी मुख्यतः सेंटर-बॅक, म्हणजे बचावफळीच्या मधोमध उभा राहणारा. आयर्लंडसाठी दोन्ही. चार्लटन यांच्याकडे मोरन, मिक मॅकार्थी, डेव्हिड ओ’लेरी असे सेंटर-बॅक होते, म्हणून त्यांनी मॅग्राला बचावफळीच्या पुढे उभं केलं. त्यांची पद्धत साधी होती: लांब चेंडू समोरच्या बचावाच्या पाठीमागे टाका, त्यांना वळायला लावा आणि तिथेच दाबा. यात मधोमध कोणी तरी उलटून आलेले चेंडू गोळा करणारा लागतो. ते काम मॅग्राचं. १९९० संपूर्ण असं गेलं, १९९४ला तो पुन्हा मागे आला.

ही बदली सगळ्यांना पटली नव्हती. चालून भागवणाऱ्या माणसाला सर्वांत जास्त पळावं लागतं अशा जागी का ठेवायचं? पण निकाल चार्लटनांच्या बाजूने आहेत.

१२. १९९०मध्ये आयर्लंड एकही सामना न जिंकता उपांत्यपूर्व फेरीत गेलं म्हणतात. हे कसं शक्य आहे?

नियमांत बसून. इंग्लंडशी १-१, इजिप्तशी ०-०, नेदरलँड्सशी १-१. तीन बरोबऱ्यांवर गट पार. त्यात नेदरलँड्सशी सगळंच समसमान निघाल्याने दुसरा-तिसरा क्रमांक चिठ्ठी टाकून ठरवला, चिठ्ठी आयर्लंडच्या बाजूने आली. मग जिनोआत रोमानियाशी ०-० आणि पेनल्टीवर ५-४: गोली पॅकी बॉनरने रोमानियाच्या तिमोफ्तेचा फटका अडवला, ओ’लेरीने शेवटचा मारला. रोममध्ये यजमान इटलीने स्किलाचीच्या गोलवर १-०ने घरी पाठवलं. पाच सामने, स्वतःचे गोल दोन, खाल्लेले तीन.

देखणा फुटबॉल शोधत असाल तर इजिप्तचा सामना मुळीच बघू नका. मी पाहिलाय, तुमच्या वाटचाही.

१३. मंडेलांसमोर लोकांनी त्याच्या नावाची घोषणा दिली हा किस्सा खरा?

तारखा तरी जुळतात. १ जुलै १९९०ला संघ इटलीहून डब्लिनला परतला आणि त्याच दिवशी नेल्सन मंडेला शहराचा सन्मान स्वीकारायला तिथे होते. रस्त्यांवर माणसांचा पूर, त्यातले बहुतेक फुटबॉलसाठी आलेले. मंडेला समोर आल्यावर गर्दीतून ‘ऊ आ, पॉल मॅग्राचा बा’ अशी आरोळी उठली, असं डब्लिनमध्ये सांगतात. तिथे असल्याचं सांगणाऱ्यांची संख्या दर वर्षी वाढते आहे, एवढं लक्षात घेऊन ऐकावा.

१४. त्याचा एकच सामना बघायचा तर कुठला?

आयर्लंड विरुद्ध इटली, १८ जून १९९४, न्यू यॉर्कजवळचं जायंट्स स्टेडियम. आपल्याकडे तेव्हा १९ तारखेची पहाट, दीड वाजता सुरू झाला. मी तो दादरला मामाच्या घरी पाहिला, आवाज बंद करून, कारण मामीला सकाळी कामावर जायचं होतं. आवाज बंद असल्याचा फायदा असा झाला की कोण कुठे उभं आहे हे दिसायला लागलं.

अकराव्या मिनिटाला रे हाऊटनने लांबून, गोली पाग्लिउका पुढे आलेला बघून, चेंडू त्याच्या डोक्यावरून टाकला. १-०. आता उरलेली एकोणऐंशी मिनिटं आणि समोर रॉबेर्तो बॅजिओ, जो तेव्हा जगातला सर्वोत्तम खेळाडू होता. मॅग्रा ३४ वर्षांचा. गुडघ्यांचं सांगून झालं आहे. त्यात एका संसर्गाने डावा खांदा धरलेला, हात धड वर होत नव्हता. पुन्हा बघाल तेव्हा तो हात बघा: उडी मारताना अंगाशी चिकटून असतो. हेडरसाठी उडी मारताना दोन्ही हात तोल सांभाळतात. एका हाताने उडून बघा म्हणजे कळेल.

आणि तो एक तुकडा. इटली चेंडू गोलसमोरच्या पेटीत घालते, मॅग्रा पाय घालतो. चेंडू सुटतो, पुन्हा इटलीकडे, पुन्हा मॅग्रा. लगेच पुन्हा. शेवटी बॅजिओ जवळून मारतो आणि तो फटका मॅग्रा तोंडावर घेतो. पडतो, उठतो, चेंडू कुठे गेला ते बघतो. एरवी हा माणूस जमिनीवर पडलेला दिसत नाही. पडायची वेळ येणं हीच चूक, असा त्याचा खेळ. त्या मिनिटात मात्र सगळं वापरलं.

त्याच रात्री, सामना सुरू असताना, नॉर्दर्न आयर्लंडमधल्या लॉखिनआयलंड गावात टीव्हीवर तो बघत बसलेल्या लोकांवर बंदूकधाऱ्यांनी गोळीबार केला. सहा जण गेले. आयर्लंडमध्ये या विजयाची आठवण निघते तेव्हा हीही निघते, म्हणून इथे लिहिली.

१५. दारूचं काय? पिऊन खेळायचा का?

काही सामने पिऊन खेळला हे त्याने स्वतः सांगितलंय. काही चुकवलेही. ऑक्टोबर १९९०मध्ये तुर्कीविरुद्धच्या सामन्याला तो संघाच्या बसमधून मैदानापर्यंत आला, पण खेळायच्या अवस्थेत नव्हता. बाहेर गुडघ्याचं कारण सांगितलं गेलं. गुडघा हे कायम तयार निमित्त होतं. खरंही आणि सोयीचंही.

‘पिऊनही एवढा भारी, न पिता काय झाला असता!’ असं कौतुकाने लिहिणाऱ्यांना माझं एकच सांगणं. ही मर्दुमकी नव्हे. त्याचं २००६मधलं आत्मचरित्र ‘बॅक फ्रॉम द ब्रिंक’ वाचा, व्हिन्सेंट होगन या पत्रकाराबरोबर लिहिलेलं. त्यात दारू लाजाळूपणापासून सुरू होते. अनोळखी माणसांशी बोलता न येणारा मुलगा दोन पेगनंतर बोलू लागतो. पुढे मनाच्या आजाराच्या काळात त्याने स्वतःचा जीव घ्यायचा प्रयत्न केला, तेही त्यात आहे. सहकारी, फिजिओ, व्यवस्थापक सगळ्यांनी त्याला झाकलं, प्रेमापोटी. त्या झाकण्याने शनिवारचा सामना वाचला. माणूस किती वाचला, याबद्दल तो स्वतःही ठाम बोलत नाही.

१६. शेवट कसा झाला?

ऑक्टोबर १९९६मध्ये व्हिलाहून डर्बीला. क्लब नुकताच वरच्या लीगमध्ये आलेला, सगळ्यांनी त्यांना तळात धरलेलं. जिम स्मिथ यांच्या संघाने बारावा क्रमांक काढला, मॅग्रा लीगचे २४ सामने खेळला. फेब्रुवारी १९९७मध्ये वेल्सविरुद्ध आयर्लंडकडून शेवटचा सामना. तेव्हा प्रशिक्षक होता मिक मॅकार्थी, एके काळी त्याच्याच शेजारी बचावात उभा राहणारा. मग काही महिने शेफील्ड युनायटेड आणि १९९८मध्ये गुडघ्यांनीच निकाल दिला. डॉक्टरांच्या हिशोबापेक्षा जवळपास दहा वर्षं उशिरा.

१७. युनायटेडसाठी त्याचे सामने एका ठिकाणी १६३, दुसरीकडे १९९. बरोबर कुठलं?

दोन्ही. १६३ फक्त लीगचे, १९९ सगळ्या स्पर्धा धरून. गोलांचंही तसंच, १२ आणि १६. व्हिलासाठी दिसणारा २५३ हा आकडा लीगचा आहे. जुन्या खेळाडूंचे आकडे जुळवताना आधी शीर्षक बघा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

१८. माझा मुलगा १३ वर्षांचा, कोल्हापुरात सेंटर-बॅक खेळतो. उंची आहे, वेग नाही. कोच म्हणतात जागा बदल. त्याला मॅग्राचं काय दाखवू?

आधी एक: कोच मुलाला रोज बघतात, मी नाही. पण वेग नसणं हे एकटं कारण असेल तर थोडं थांबा.

शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघून वाढलेल्या मुलाला स्लायडिंग टॅकल आवडतो, गॅलरी त्यावरच उठते. त्याला उलटी गोष्ट दाखवायची आहे. प्रश्न १४मधला इटलीचा सामना लावा आणि पहिली वीस मिनिटं सांगा की चेंडू बघायचा नाही, फक्त मॅग्रा बघायचा. कॅमेरा चेंडूमागे जातो, त्यामुळे मॅग्रा मधूनच चौकटीबाहेर जाईल, आणि इटलीचा पास सुटला की कुठल्या तरी कडेने आत येईल. तो कुठल्या कडेने येणार हे मुलाने आधी सांगायचं. पहिल्यांदा चुकेल. वहीत दोन रकाने करायला लावा: मॅग्रा चालत चेंडूपाशी पोहोचला तो एक, पळावं लागलं तो दुसरा. वीस मिनिटांनी वही बघा, मग कोचशी बोला.